कोर्टासमोरचं कॉलेज

३ जून

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. एरवी मी गल्लीभर बोंब मारली असती. आज नुसती वाचली, घडी घातली आणि आईला म्हटलं, "मिळालं. दोन्हीकडे." आई म्हणाली, "बरं झालं गं," आणि तांदूळ निवडत राहिली. आनंद दाखवायचा कुठे, हा प्रश्नच आहे या घरात.

एक पत्र राजधानीच्या लॉ कॉलेजचं. फी माफ, वसतिगृह, पंधरा जुलैपर्यंत होकार टपालात टाका, नाहीतर जागा दुसऱ्याला. दुसरं आमच्या कोर्टासमोरच्या कॉलेजचं. त्यांना माझ्या होकाराची फारशी पर्वा दिसत नाही, कारण तिथल्या जागा रिकाम्याच असतात.

बाबांचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. तीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवतायत. कोणाचा डावा खांदा उतरलाय, कोणाचं पोट एका वर्षात दोन इंच सुटलं, सगळं त्यांच्या वहीत आहे. त्यामुळे त्या कॉलेजची कुंडली मला तोंडपाठ. सकाळी साडेसातला तास सुरू होतात, शिकवायला इथलेच वकील येतात, आणि साडेदहाला फळ्यावरचं वाक्य अर्धं टाकून रस्ता ओलांडून कोर्टात पळतात. तिथं शिकलेलं पोर याच कोर्टात उभं राहतं. राजधानीत शिकलेलं पोर परत येत नाही, कंपन्या त्याला कॉलेजातूनच उचलतात. म्हणजे मला कॉलेज निवडायचंच नाहीये. कोर्ट निवडायचंय.

आणि त्यात निवडायचं काय डोंबल? ज्या कोर्टात दादाची केस, ते माझं कोर्ट. तीन वर्षं लागतील, ठाऊक आहे. पण तीन वर्षांत इथल्या केसेस जागच्या हलत नाहीत, हेही दुकानात बसून ऐकलंय. मी कोट घालीन तेव्हा दादाची केस असेलच.

कोणाला सांगितलं नाही हे अजून. इथं लिहिलं तेवढंच.

४ जून

आज बुधवार, भेटीचा दिवस. साडेअकराला जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे दादा. हडकुळा झालाय. मला बघून म्हणाला, "बोल रेडिओ, काय बातमी?" लहानपणापासून मला रेडिओच म्हणतो, एकदा सुरू झाले की बंद होत नाही म्हणून.

दोन्ही पत्रांचं सांगितलं. एवढा खुलला तो, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. "राजधानी! आजच होकार कळव. आजच!"

"आणि तुझी केस?"

"माझ्या केसला वकील आहे. तू तिकडे शीक, तिकडेच कोट घाल, तिकडचीच हो. इथं परत येऊ नकोस."

मला एवढा राग आला. म्हणजे मी त्याच्यासाठी झुरायचं आणि हा मला हाकलतोय. वर विचारतो, "तुला कोणी कागद-बिगद आणून दिला नाही ना?" म्हटलं, आत्ता तर सांगितलं, दोन पत्रं आली. तो म्हणाला, "हो हो, तेच."

येताना वाटभर तणतणत होते. आता शांत झाल्यावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला केस चालवताना कामी येईल. दादा कोल्ड स्टोरेजमध्ये मुकादम होता. पाळी नऊला संपते. मागच्या जुलैत, माझ्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी, चार नंबरच्या थंड खोलीत दोन हमाल कोंडले गेले. सकाळी सहाला दादानेच खोली उघडली तेव्हा दोघंही गेलेले होते. आतून दार उघडायची मूठ महिनाभर तुटलेली होती, तिच्याबद्दल कोणाला अटक नाही. दादाला आहे. जामीन दोनदा नाकारला.

माझं म्हणणं सरळ आहे. दादा साडेआठलाच घरी आला होता. त्याच्यामागे कोणीतरी दार लावलं. मॅनेजरकडे दुसरी चावी असणारच, असल्या माणसाकडे असतेच. हे सिद्ध करायला माणूस हवा, आणि आमची वकीलबाई गुडघे धरून जिने चढते, ती काय मॅनेजरच्या मागे पळणार?

माझ्यापुरतं मी केलंय. दोघं सापडले त्या दिवशी दुपारी मी आपण होऊन पोलीस चौकीत गेले आणि जबाब दिला. कोणी बोलावलं नव्हतं. इतका व्यवस्थित दिला की तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. सगळं सांगितलं. एरवी नऊनंतर येतो, पण मला प्रश्न विचारायला म्हणून आदल्या रात्री लवकर आला. नेहमीसारखा चाव्यांचा जुडगा दाराजवळच्या खिळ्याला अडकवला, हातपाय धुतले, जेवला, आणि माझ्याकडून पन्नास प्रश्नांची तयारी करून घेतली. असा माणूस कोणाला कोंडून येईल का? साहेब म्हणाले, "चाव्यांचं परत एकदा सांगा, नीट लिहून घेतो." दोनदा सांगितलं. सही केली.

ती परीक्षा बुडाली. यंदा परत दिली.

९ जून

आईचं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी पक्कड घेऊन दाराजवळचा खिळा उपटत होती. भिंतीचा पोपडा निघाला, केवढं भोक पडलं. म्हटलं, "अगं काय करतेयस?" म्हणे ओढणी अडकते. वीस वर्षं अडकली नाही ती.

नंतर त्या भोकात साबण भरत बसली. मी काही बोलले नाही. पोरगा तुरुंगात असलेल्या बाईला काय बोलणार.

१२ जून

वकीलबाई दुकानात आल्या होत्या, कोटाचं अस्तर बदलायला. मी हिशेब करून विचारलं, म्हणजे अगदी सहज विचारल्यासारखं, की समजा एखाद्याला याच कोर्टात वकिली करायची असेल तर कॉलेज कुठलं?

"तर मग समोरचंच," त्या म्हणाल्या. "मी तिथंच शिकले. राजधानीत तुला मोठमोठे निकाल शिकवतील. पण कुठला कारकून अर्ज फायलीत लावतो आणि कुठला ड्रॉवरमध्ये ठेवतो, हे समोरच्या कॉलेजातच कळतं. निम्मी वकिली तीच आहे."

मी मनात म्हटलं, झालं, ठरलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण तू इथं वकिली करू नकोस."

"का?"

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा सुईत दोरा ओवत होते, ओवला जाईना. "हुशार आहेस," वकीलबाई म्हणाल्या. "इथं काय ठेवलंय?"

दादा तेच, आई तेच, आता ह्याही तेच. सगळ्यांचं एवढं एकमत आमच्याकडे कधीच कशावर झालेलं नाही. माझ्या पाठीमागे बैठक घेऊन ठरवल्यासारखे बोलतात. मला हुशार म्हणून हाकलण्यापेक्षा मठ्ठ म्हणून राहू द्या म्हणावं.

१९ जून

समन्स आलं! माझ्या नावाचं! अकरा जुलैला साक्ष.

पट्टेवाला दारात उभा होता आणि आई त्याला सांगत होती की ती घरी नाही. मी आतून ओरडले, "आहे की!" आणि सही करून घेतलं. आईने दाराला कडी घातली. मला हसू आलं, अगं, चांगलं आहे हे! शेवटी कोणीतरी मला विचारणार. एक वर्ष मी वाट बघतेय.

एकच कळलं नाही. वर छापलंय, सरकार पक्षाची साक्षीदार क्रमांक सात. चूक झाली असणार, मी तर दादाची साक्षीदार. उद्या वकीलबाईंकडे जाऊन दुरुस्त करून आणते.

२० जून

चूक नाही.

वकीलबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर फायली. त्यांनी फायली उचलून खाली ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "बस. तुझ्या भावाने मला शपथ घातली होती, पण आता समन्सच आलंय." मग आरोपपत्र पुढ्यात ठेवलं. वर्षभर ज्याच्याबद्दल मी बडबडले, तो कागद मी आज पहिल्यांदा वाचला. केसचं कोणी माझ्याशी बोलतच नसे. तू अभ्यास कर, म्हणायचे.

नियम असा आहे, की शेवटचा माणूस दार लावेल आणि चावी गेटवरच्या पेटीत ठेवेल. म्हणजे आत काही झालं तर वॉचमनला उघडता येईल. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलंय, चावी पेटीत ठेवून गेलो. पोलिसांना सकाळी चावी पेटीतच मिळाली. वॉचमन म्हणतो, नऊच्या सुमाराला आतून धडका ऐकू आल्या, पेटी उघडली तर रिकामी, पुढे काय केलं ते त्याला सांगता येत नाही. पण वॉचमन पितो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्याच्या शब्दाला कोणी विचारलं नसतं. मॅनेजरकडे दुसरी चावी होती की नव्हती, याने काहीच फरक पडत नाही. कधीच पडत नव्हता.

मग पान एकेचाळीस. माझा जबाब. साहेबांचं अक्षर सुंदर आहे. "नेहमीप्रमाणे चाव्यांचा जुडगा दाराजवळील खिळ्यास अडकविला." चार नंबरची चावी त्याच जुडग्यात असायची. खाली माझी सही, लफ्फेदार.

मी म्हटलं, "हे एवढंच आहे त्यांच्याकडे?"

"एवढंच."

"म्हणजे मी बोलले नसते तर?"

वकीलबाई गुडघा चोळत राहिल्या.

मग मी वेड्यासारखं विचारलं, की तीन वर्षांनी मी वकील झाले तर दादाची केस मी घेऊ शकेन ना? त्या म्हणाल्या, "नाही पोरी. जो साक्षीदार, तो त्या केसमध्ये वकील होत नाही. तू कुठंही शिकलीस तरी नाही."

घरी आले. आई ओट्यापाशी उभी होती. तिच्याकडे बघवेना, भिंतीकडे बघवेना. अकरा महिने यांनी मला वाढलेलं जेवण मी मिटक्या मारत खाल्लं. या घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

२१ जून

लिहवत नाही.

२३ जून

बाबांनी दुकान दुपारी बंद केलं. असं ते कधी करत नाहीत. मला समोर बसवलं आणि कोटाचं बटण हातात फिरवत म्हणाले, "माणसाला वर्षभरापूर्वीचं सगळंच कुठे आठवतं."

मी टाचण्या गोळा करायला लागले.

"सरकारी वकील विचारतील, चाव्या कुठं ठेवल्या. तू म्हण, नक्की आठवत नाही. त्या दिवशी घाबरले होते, काय बोलले ध्यानात नाही. एवढंच म्हण." मग म्हणाले, "मी तुला आयुष्यात खोटं बोलायला शिकवलेलं नाही." आणि रडायलाच लागले. बाबांना रडताना बघायची मला सवय नाही. मी उठून पाणी आणलं, दुसरं काय करणार.

ज्या सरकारी वकिलांनी विचारायचं, त्यांचाच कोट मागे हँगरला लटकत होता. बाही उसवलेली. बाबांनी मन लावून शिवलीय, टाका दिसतसुद्धा नाही.

म्हटलं, "बाबा, म्हणीन."

२५ जून

दादाला सांगितलं, मला सगळं कळलंय. त्याने जाळीला कपाळ टेकलं.

"कोणी सांगितलं?"

"समन्सने."

मग हळू आवाजात म्हणाला, "चावी माझ्याच खिशात होती. पेटीपर्यंत गेलोच नाही. सकाळी सहाला आधी पेटीत टाकली, मग परत काढून दार उघडलं, मग परत ठेवली. तेव्हा आत काय आहे, हे मला कळलेलं होतं. दार उघडायच्या आधीच कळलं होतं."

मी विचारलं, "आत कोणी आहे का, ते बघितलं नाहीस?"

"दारातून हाक मारली. पंखे चालू होते. आत जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती. घाईत होतो."

कसली घाई, ते मी विचारलं नाही.

मग मी त्याला माझं ठरलेलं सांगितलं. मी म्हणणार, आठवत नाही. वकीलबाई म्हणाल्या आहेत, तेवढ्याने केस लंगडी पडते. तो एकदम ताठ झाला. "तू शपथ घेऊन खोटं बोलणार? तू? वकील व्हायला निघालेली?"

"हो. मी बोलून घालवलंय, मीच बोलून परत आणीन."

"आणि सरकारी वकील ती सही दाखवून तुला तासभर सोलून काढतील, ते? त्याच कोर्टात, सगळ्या वकिलांसमोर? उद्या कोट घालून तिथं कोणत्या तोंडाने उभी राहशील?"

"तू म्हणालास ना, तिकडचीच हो. मग इथलं तोंड कोणाला दाखवायचंय?"

हे बोलून मला वाटलं, मी त्याला चूप केलं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा एवढंच म्हणाला, "राजधानीला होकार कळवलास?" म्हटलं, साक्ष होऊ दे. "पंधरा तारीख आहे ना शेवटची? विसरू नकोस," म्हणाला.

हा माणूस आत बसून माझ्या तारखा सांभाळतोय.

४ जुलै

रोज आरशासमोर म्हणून बघते. नक्की आठवत नाही. मला नक्की आठवत नाही. आठवत नाही साहेब. पहिलं बरं वाटतं. "साहेब" म्हटलं की आवाज कापतो.

११ जुलै

जमेल तसं लिहिते.

दहा वाजता पोचलो. साक्षीदारांचं बाकडं कोर्टाच्या खोलीबाहेर आहे, आत बसू देत नाहीत. बाकावर आधीच एक बाई होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिने सरकून जागा दिली. म्हणाली, "तुम्हीपण साक्षीला?" मी मान हलवली. म्हणाली, "माझा नवरा होता. दोघांतला एक."

मला वाटलं, आता ही विचारणार, तुम्ही कोण. नाही विचारलं. तिला बोलायचं होतं. म्हणाली, "आत जाताना जाड कोट देतात ना, तो बाहेर खुंटीलाच राहिला होता. दहा मिनिटांचं काम म्हणून नुसत्या सदऱ्यावर गेला. आळशी होता हो तसा." आणि हसली. मग डोळे पुसले आणि माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली. तुमचे ओठ सुकलेत, म्हणाली. मी प्यायले. पाणी प्यायले मी तिचं, आणि मला ठाऊक होतं मी आत जाऊन काय बोलणार आहे.

सव्वाअकराला आत हालचाल सुरू झाली. माझं नाव पुकारतील म्हणून उभी राहिले. पुकारलं नाही. थोड्या वेळाने बाबा दारातून बाहेर आले. मला म्हणाले, "तो बोलला."

दादाने हात वर करून न्यायाधीशांना सांगितलं, मला आरोप मान्य आहेत. वकीलबाईंनी त्याची बाही ओढली, त्याने सोडवून घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का. नाही म्हणाला. याचा अर्थ कळतो का? कळतो म्हणाला. त्यांनी त्याला दुपारपर्यंत वेळ दिला, परत विचार कर म्हणून. दुपारी अडीचला तो तेच बोलला, आणि चावीचं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. खिशात होती, घाईत होतो.

बाकडं रिकामं झालं. साक्षीदार क्रमांक सातची गरज राहिली नाही. पट्टेवाल्याने माझ्याकडून सही घेतली, येण्याजाण्याचा भत्ता मिळेल म्हणाला. मी नको म्हटलं.

त्या बाईला कोणीतरी सांगितलं असणार मी कोण ते. जिन्यात ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमच्या भावाने खरं सांगितलं. वर्षभर मला वाटायचं, मी नवऱ्याला त्या दिवशी पाठवायलाच नको होतं." आणि गेली.

दादाला गाडीकडे नेताना मी आडवी गेले. हवालदाराने अर्धा मिनिट थांबू दिलं. मी म्हटलं, "का केलंस असं? जमवलं असतं मी!"

तो म्हणाला, "म्हणूनच." मग म्हणाला, "आता जा. चार दिवस आहेत."

१५ जुलै

पाच वाजता मुदत संपली.

होकाराचा कागद भरून तयार होता. सही केली होती. आई दहा वाजल्यापासून माझी बॅग भरत होती, बाबांनी तिकीट आणून ठेवलं होतं. मी टपाल कचेरीपर्यंत गेले. खिडकीपाशी रांगेत दोन माणसं होती. ती गेली, माझ्या मागचीही गेली, आणि मी भिंतीवरचे दर वाचत उभी राहिले. सव्वापाचला खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमचं काय?" म्हटलं, काही नाही.

भ्यायले का? नाही. रागावले होते का? हो, थोडी. त्याने स्वतःची सात-आठ वर्षं देऊन मला ते कॉलेज घेऊन दिलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. अशी वस्तू कशी घेऊ मी? तिथल्या वर्गात बसले असते आणि प्रत्येक तासाला वाटलं असतं, हा तास त्याचा आहे. शिवाय दुसरंही एक आहे. चौकीत त्या साहेबांनी पंखा वळवला तेव्हा कोणीतरी शेजारी बसून मला म्हणायला हवं होतं, बये, तू काय सांगतेयस ते कळतंय का तुला? राजधानीत त्या चौकीचा पत्ता कोणाला ठाऊक आहे? मला इथंच उभं राहायचंय.

आईने बॅग रिकामी केली. कपडे घडी घालून परत कपाटात ठेवले.

१६ जुलै

सात वर्षं. आत काढलेलं वर्ष वजा.

मूठ तुटली होती, तिचा उल्लेख निकालात आहे. एक ओळ. "व्यवस्थापनाने यापुढे काळजी घ्यावी."

२१ जुलै

पहिला तास. साडेसातला वर्गात आम्ही चौदा जण आणि बत्तीस बाकं. दार उघडून सरकारी वकील आत आले. फौजदारी कायदा तेच शिकवतात, हे मला माहीत होतं. अंगात बाबांनी शिवलेला कोट.

त्यांनी हजेरी घेतली. माझ्या नावाशी थांबले, वर बघितलं, पुढे गेले. मग प्रत्येकाला विचारलं, वकिली कुठे करणार? कोणी म्हणालं बघू, कोणी म्हणालं काकांच्या हाताखाली. मी म्हटलं, "समोर." वर्गात कोणाला काही कळलं नाही.

साडेदहाला खडू ठेवून ते माझ्या बाकाशी आले. म्हणाले, "मला तुझी साक्ष घ्यायची नव्हती. तुझा जबाब वाचला तेव्हाच बायकोला म्हटलं होतं, ही पोर भावाचं भलं करायला आलीय." मी विचारलं, "मग का बोलावलंत?" ते म्हणाले, "कारण खरं होतं ते." मग घड्याळ बघितलं आणि रस्ता ओलांडून गेले. मी त्यांचा द्वेष करू बघतेय, जमत नाहीये. शिकवतात चांगलं, हीच पंचाईत आहे.

२३ जुलै

आज बुधवार. आईला ताप म्हणून मी एकटीच गेले. कॉलेज साडेदहाला सुटतं, तुरुंग वीस मिनिटांवर, साडेअकराच्या भेटीला आरामात पोचता येतं. वाटेत ठरवत होते, दादाला कसं सांगायचं. चिडेल, पंधरा दिवस बोलणार नाही, मग बोलेल. आमचं नेहमीचंच.

खिडकीत नाव लिहिलं. जाळीपाशी गेले. सगळ्यांची माणसं आली, दादा आला नाही. मग आतला शिपाई आला. तोच, नेहमीचा, मिशीवाला. म्हणाला, "तो येत नाही म्हणतोय."

"बरं नाही का त्याला?"

"बरा आहे. चिठ्ठीवर बहीण लिहिलेलं बघितलं आणि तोंडच उतरलं त्याचं. खालीच बसला. म्हणतो, बहीण इथं असूच शकत नाही, ती राजधानीत आहे, तिचं कॉलेज सोमवारीच सुरू झालं. म्हणतो, आई आली असेल, नाव चुकून पडलं असेल. मला म्हणाला, जाऊन विचारून या, पोरगी गेली ना? गेली असेल तर येतो, आईशी बोलतो. नसेल गेली तर," शिपाई जरा अडखळला, "तर मग मी कशाला बोललो, असं म्हणाला. मला नाही कळलं. हे कॉलेजचं काय प्रकरण आहे?"

आजूबाजूला सगळे एकदम बोलत होते. एक म्हातारा आपल्या मुलाला घराच्या पत्र्याचं सांगत होता. मी शिपायाला म्हटलं, "सांगा, गेली."

"अहो पण तुम्ही तर समोर..."

"आई आली होती म्हणा. तिला ताप आहे म्हणून थांबली नाही, निघाली. पण सांगून गेली, की पोरगी राजधानीला गेली, वसतिगृहात खोली मिळाली, खुश आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वहीतलं माझं नाव खोडून आईचं लिहिलं आणि आत गेला. मी फाटकाबाहेर येऊन थांबले. दहा मिनिटांनी तो चहाला बाहेर आला, मला बघून जवळ आला. म्हणाला, "सांगितलं. रडला हो. मग म्हणाला, आता कितीही वर्षं काढीन."

आता मला तिथं जाता येणार नाही. रस्त्याच्या त्याच बाजूला कॉलेज, त्याच बाजूला तुरुंग, आणि बुधवारी आईला एकटीलाच पाठवावं लागेल. राजधानीची पत्रं मला इथं बसून लिहावी लागतील. आईला सगळं पढवायला हवं, वसतिगृहाचं, वर्गाचं, तिथल्या हवेचं. खोटं बोलताना ती खाली बघते. आत्ता उठवून थोडं सूप दिलं आणि सांगितलं, की दादाने विचारलं तर त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. ती म्हणाली, "तू बोलून दाखव आधी." मी बोलून दाखवलं.